शिंकेला थेंब सुटतो, फुगडीला पॅड लागतो

प्रश्न: मी ४४ वर्षांची, गोव्यात डिचोली तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवते. दोन मुलं, दोन्ही बाळंतपणं नॉर्मल. दुसरं बाळ पावणेचार किलोचं होतं; व्हॅक्यूम लावावा लागला, टाके पडले. गेली पाच-सहा वर्षं शिंकलं, खोकलं, जोरात हसलं की थोडी लघवी सुटते. चवथीला (गणेशचतुर्थीला) फुगडी घालताना पॅड लावते, तोही पुरत नाही. गेल्या वर्षी पाय मुरगळलाय असं सांगून बाजूला बसले. शाळेत अडचण नको म्हणून दिवसभर चहाखेरीज फारसं काही पीत नाही. घरातून, शाळेतून, बाजारातून निघताना लागली नसली तरी लघवीला जाऊन घेते. एका मैत्रिणीने व्हिडिओ पाठवला, तो बघून तीन महिने रोज दोनशे वेळा केगल व्यायाम, म्हणजे लघवीच्या वाटेभोवतीचे स्नायू आवळायचे-सोडायचे, करतेय. गळणं तसंच आहे. उलट आता लघवी सुरू व्हायलाच वेळ लागतो आणि माकडहाडापाशी ओढल्यासारखं दुखतं. डॉक्टरांनी लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी केली, दोन्ही ठीक आली. फिजिओथेरपी करा म्हणाले. ती तर गुडघ्या-कंबरेची असते ना? तिथे नेमकं करतात काय, हे विचारायचीही लाज वाटते. त्यापेक्षा सरळ ऑपरेशन करून घेऊ का? सासूबाई म्हणतात, बाईच्या जातीला हे असायचंच. त्यांना तर अधूनमधून 'अंग खाली येतं', म्हणजे गर्भपिशवी खाली उतरते. चवथीला अजून तीन महिने आहेत.

उत्तर: ताई, आधी ते दोनशे थांबवा. आजपासूनच. पुढचे दोन आठवडे एकही केगल करू नका. व्यायाम वाईट म्हणून नव्हे, तर तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टींमुळे: लघवी सुरू व्हायला लागणारा वेळ आणि माकडहाडापाशी होणारी ओढ. सतत आवळून ठेवलेला, सुटायचं विसरलेला स्नायू अशीच लक्षणं देतो. संबंधाच्या वेळी दुखणं, शौचाला बसल्यावर पूर्ण साफ न झाल्यासारखं वाटणं, हीसुद्धा त्याच घरातली. ती असतील तर फिजिओला आवर्जून सांगा.

फिजिओ गुडघ्या-कंबरेचीच असते असं नाही. ओटीपोटाच्या तळाशी, पुढे जांघांच्या मधोमध हाताला लागणाऱ्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी बांधलेली असते. तिला पेल्विक फ्लोअर म्हणतात. लघवीची पिशवी, गर्भपिशवी आणि मोठ्या आतड्याचं शेवटचं टोक तिच्या आधाराने राहतं. लघवीची, योनीची आणि शौचाची अशा तिन्ही वाटा तिच्यातून खाली उतरतात. हे स्नायू मांडीच्या किंवा दंडाच्या स्नायूंसारखेच आपल्या हुकमातले आहेत. म्हणजे ते अशक्त होतात, आखडतात, चुकीच्या वेळी काम करतात, आणि शिकवले तर सुधारतात. हे शिकवणं फिजिओथेरपीचंच काम. पुरुषांनाही हे स्नायू असतात. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर लघवी गळू लागली की त्यांनाही हेच व्यायाम दिले जातात.

शिंक येते तेव्हा पोटातला दाब एका झटक्यात खाली येतो. सगळं ठीक असेल तर हे स्नायू त्याच्या क्षणभर आधी आपोआप आवळतात आणि लघवीची नळी खालून उचलून धरतात. मोठं बाळ, लांबलेल्या कळा, चिमटा किंवा व्हॅक्यूम लावून झालेली सुटका यांत स्नायू आणि त्याला जाणारे मज्जातंतू ताणले जातात, काही वेळा स्नायू एका बाजूने हाडापासून सुटतोही. मग कधी जोर कमी पडतो, तर कधी जोर असूनही आवळणं उशिरा होतं आणि तोवर थेंब सुटलेला असतो. चाळिशीनंतर पाळी जायच्या आसपास इस्ट्रोजेन हे बायकांच्या शरीरातलं संप्रेरक उतरतं, तिथली त्वचा पातळ आणि कोरडी होते, त्याचीही भर पडते. तुमच्या बाबतीत यातलं काय किती आहे ते पत्रावरून सांगता येणार नाही. सोनोग्राफीत पिशवी, किडनी, गर्भाशय दिसतं. स्नायूचा जोर तपासायचा असं कुणी मुद्दाम ठरवलं नसेल तर तो त्यात येत नाही. म्हणून रिपोर्ट नॉर्मल असला तरी तुमचा त्रास खोटा ठरत नाही.

आता दोनशेचं काय चुकलं? व्हिडिओ बघून केगल करणाऱ्या पुष्कळ जणी भलतंच काहीतरी आवळतात. कुणी ढुंगण घट्ट करतं, कुणी मांड्या एकमेकींवर दाबतं, कुणी श्वास कोंडून पोट आत ओढतं. सगळ्यात वाईट म्हणजे काही जणी वर ओढण्याऐवजी खाली जोर करतात, शौचाला कुंथल्यासारखा. त्यांचं गळणं व्यायामाने वाढतं. दुसरी चूक सोडण्यातली. दोनशेचा आकडा पुरा करायच्या घाईत एक आवळणं पूर्ण सैल व्हायच्या आत दुसरं सुरू होतं. स्नायू मग कायम अर्धा आवळलेला राहतो आणि खरी शिंक आली की त्याला आणखी आवळायला जागाच उरत नाही. तिसरी गोष्ट थकव्याची. हा स्नायू लहान आहे. बऱ्याच वेळा आवळल्यावर तो दमतो आणि पुढचं सगळं काम ढुंगण आणि मांड्याच करतात.

ज्यांचं नाव या व्यायामाला लागलं ते अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी १९४८ साली आपली पद्धत मांडली, तेव्हा सोबत दाब मोजायचं एक साधनही वापरलं होतं: योनीत ठेवायची फुगीर नळी आणि तिला जोडलेला काटा. बाईला आपण बरोबर आवळतोय की नाही ते काट्यावर दिसायचं. पुढे मोजणं गळून पडलं, आकडे तेवढे राहिले. आमच्या मते व्हिडिओंनी सगळ्यात जास्त नुकसान इथेच केलंय.

फिजिओकडे काय होतं तेही सविस्तर सांगतो, कारण लाज न कळण्यातून वाटते, कळलं की निम्मी जाते. पहिली भेट चांगली पाऊण-एक तासाची असायला हवी, आणि त्यातला मोठा भाग नुसत्या प्रश्नांचा. किती वेळा लघवीला जाता, रात्री उठावं लागतं का, बाळंतपणं कशी झाली, शौचाला कसं होतं, कुठल्या गोळ्या चालू आहेत. त्यानंतर कंबर, पोट, श्वास घेण्याची पद्धत बघतात. मग तुमची परवानगी घेऊन पडद्याआड आतली तपासणी. पाय दुमडून उताणं झोपायचं, वर चादर असते. हातमोजा आणि जेली लावून एक बोट, फार तर दोन. डॉक्टर गर्भाशय बघताना वापरतात ते धातूचं साधन इथे लागत नाही. 'आवळा', 'धरून ठेवा', 'सोडा', 'खोका' एवढंच सांगतात. यातून चार गोष्टी नोंदवल्या जातात: जोर ० ते ५ या मापात किती, किती सेकंद धरता येतं, दमण्याआधी किती वेळा जमतं, आणि सोडल्यावर स्नायू पूर्ण सैल होतो का. आत हात लावताना कुठे दुखतं तेही कळतं. पाच-दहा मिनिटांचं काम. सोबत बहीण किंवा मैत्रीण बसू शकते, पाळी चालू असेल तर दिवस बदलून घेता येतो, आणि मध्येच 'पुरे' म्हटलं तर तिथेच थांबायचं असतं. आतली तपासणी नकोच असेल तर बाहेरून बघून किंवा पोटावर सोनोग्राफीचं यंत्र ठेवून अंदाज घेता येतो, फक्त माहिती थोडी कमी मिळते.

फोन करूनच विचारून घ्या: पेल्विक फ्लोअरचं काम करणारी महिला फिजिओ आहे का, आतली तपासणी करते का, पहिल्या भेटीला किती वेळ देते? स्त्रीआरोग्य किंवा प्रसूती-स्त्रीरोग या विषयात एमपीटी (फिजिओथेरपीची पदव्युत्तर पदवी) केलेली असेल तर उत्तम. सरकारी इस्पितळात जायचं असेल तर बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) स्त्रीरोग ओपीडीत दाखवून फिजिओथेरपी विभागाकडे चिठ्ठी मागा. आणि कुणी न तपासताच वीस मिनिटं करंट लावून पाठवत असेल, तर दुसरीकडे जा. करंटचा उपयोग आहे, पण ज्यांना काही केल्या स्नायू हलवताच येत नाही त्यांना तो जागा करून द्यायला. ज्या बाईला आवळता येतं तिला त्याने फारसं काही मिळत नाही. गरोदरपणात किंवा हृदयाचा पेसमेकर असेल तर तो लावायचाच नसतो.

भेटीची तारीख मिळेपर्यंत घरी दोन कामं करा.

एक, तीन दिवसांची नोंद. स्वयंपाकघरातलं नको असलेलं मापाचं प्लास्टिकचं भांडं न्हाणीघरात ठेवा. किती वाजता काय आणि किती प्यायलात, किती वाजता किती मिलीलिटर लघवी झाली, कधी सुटली आणि तेव्हा काय करत होता, एवढं वहीत लिहा. एक शाळेचा दिवस आणि एक रविवार त्यात यायला हवा. साधारणपणे दिवसाला सहा ते आठ वेळा, दर खेपेला २५० ते ४०० मिली, रात्री फार तर एकदा, हे ठीक मानतात. तुमच्या वहीत ८०-१०० मिलीच्या खेपा बऱ्याच दिसतील असा अंदाज आहे. निघताना जाऊन घ्यायच्या सवयीने पिशवी थोड्या लघवीलाच हाक मारायला शिकते. कदंब बसमध्ये बसायच्या आधी एकदा जाणं समजू शकतो. बाजारातून पाच मिनिटांवर घर असताना नको.

दोन, सैल सोडायचा सराव. उताणं झोपा, गुडघे दुमडून पिंढऱ्या खुर्चीवर ठेवा. एक हात छातीवर, एक पोटावर. नाकाने चार मोजेपर्यंत श्वास घ्या, पोटावरचा हात वर आला पाहिजे, छातीवरचा जवळजवळ हलू नये. श्वास आत जाताना तळाचा भाग खाली पसरतोय, बसायची दोन हाडं एकमेकींपासून लांब जातायत अशी जाणीव शोधा. तोंडाने सहा मोजेपर्यंत श्वास सोडा, काहीही आवळू नका. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. दात आणि जबडा सैल आहे ना, तेही बघा. जबडा घट्ट असेल तर खालचा स्नायूही कधी कधी घट्ट सापडतो. दोन आठवड्यांत लघवीची धार पटकन सुरू होऊ लागली आणि माकडहाडाची ओढ कमी झाली तर समजा दिशा बरोबर आहे. नाही झाली तर आवळायचं अजून सुरू करू नका, फिजिओ आतून आखडलेल्या जागा दाबून मोकळ्या करते.

त्यानंतर आवळणं. फिजिओ तुमच्या मापाने आकडे देईल, तेच पाळा. पण रीत कशी असते ते कळावं म्हणून लिहितो. चारचौघांत गॅस सुटू नये म्हणून मागची वाट आत ओढतो, तशी ती ओढा आणि तीच ओढ पुढे लघवीच्या वाटेपर्यंत न्या. दिशा आत आणि वर. एकदा हातआरसा धरून बघा: योनी आणि गुदद्वार यांच्या मधला भाग आत जाताना दिसला पाहिजे. तो बाहेर फुगत असेल तर तिथेच थांबा, तुम्ही कुंथताय. ढुंगणावर हात ठेवा, ते मऊच राहायला हवं. बेंबीच्या वरचं पोट घट्ट होता कामा नये. आणि मोठ्याने आकडे मोजत करा. आवाज निघतोय म्हणजे श्वास कोंडलेला नाही.

समजा तपासणीत तुम्हाला चार सेकंद धरता आलं. मग चार सेकंद धरायचं, आठ सेकंद सोडायचं, असं आठ वेळा. सोडताना 'उतरलं' अशी स्पष्ट जाणीव झाली पाहिजे. ती होईना की त्या वेळचा व्यायाम संपला, आकडा पुरा झाला नसला तरी. यानंतर मिनिटभर थांबून आठ-दहा झटपट आवळणी: एका सेकंदात जोराने वर, पुढच्या दोन सेकंदांत पूर्ण सैल. लांब धरण्याने दिवसभराचा आधार येतो, झटपट आवळण्याने शिंकेला वेळेवर पोचता येतं, म्हणून दोन्ही हवीत. हे दिवसातून तीनदा. म्हणजे लांब धरलेली चोवीसच आवळणी होतात, दोनशे नव्हेत. दर आठवड्याला एक-एक सेकंद वाढवत दहापर्यंत न्या. पहिले काही दिवस झोपून, मग बसून, मग उभं राहून. लघवी करताना मध्येच धार तोडायचा व्यायाम मात्र कधीच करू नका. त्याने पिशवी पूर्ण रिकामी न व्हायची सवय लागते.

शिंकेवरचा सगळ्यात जलद उपाय जोरापेक्षा वेळेचा आहे. शिंक येतेय असं वाटलं, खोकला वर चढला, कळशी किंवा वह्यांचा गठ्ठा उचलायचाय, की त्याच्या आधी एकदा आवळा, काम होईपर्यंत धरा, मग सोडा. पहिले काही दिवस मुद्दाम खोटं खोकून सराव करा: आवळा, खोका, सोडा, दहा वेळा. बऱ्याच जणींना स्नायू बळकट व्हायच्या कितीतरी आधी एवढ्यानेच फरक जाणवतो. शिंकताना पुढे वाकू नका, पाठ ताठ ठेवून मान बाजूला वळवा.

फुगडीचं आता. तीन महिने ही वेळ चांगली आहे, कारण या व्यायामाचा पुरता परिणाम दिसायला निदान तीन महिने लागतातच. पहिले दोन आठवडे सैल सोडण्याचे. पुढचे चार आठवडे झोपून आणि बसून आवळण्याचे. मग उभ्याने, आणि त्याच्या जोडीला खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं दहा वेळा आणि टाचा उचलून खाली आपटणं दहा वेळा. टाच टेकायच्या आधी आवळायचं. यात थेंब सुटला नाही तर जागच्या जागी छोट्या उड्या. शेवटच्या तीन आठवड्यांत घरी फुगडीचीच पावलं, आधी संथ गाण्यावर, मग वेग वाढवत. गात गात पावलं टाकताना श्वास कोंडला जात नाही, ही आपल्या फुगडीची मोठी सोय आहे. पण वेग चढल्यावर जोरात 'फू' होतो तो खोकल्यासारखाच दाब देतो, त्याच्या आधी आवळायचं विसरू नका. पूर्ण वेळ आवळून नाचायला जाऊ नका. दोन मिनिटांत स्नायू दमेल आणि नेमका शेवटी दगा देईल. बसून उड्या मारायची फुगडी यंदा सोडा, उभ्याची घाला. दोन फुगड्यांमध्ये एक गाणं बाजूला उभं राहून टाळ्या वाजवा. आणि पॅड लावायचाच तर लघवीसाठी वेगळे पॅड मिळतात ते आणा. पाळीचा पॅड दाट रक्तासाठी बनवलेला असतो, एकदम सुटलेलं पातळ पाणी तो तितक्या वेगाने शोषत नाही. तुमचा पॅड पुरत नाही त्याचं कारण हेच असणार.

पाणी तोडू नका. कमी पाण्याने लघवी दाट होते, पिशवीला चुरचुरते, उलट घाई वाढते, शिवाय संसर्ग आणि बद्धकोष्ठाला निमंत्रण. दिवसाला दीड ते दोन लिटर, आपल्या एप्रिल-मेच्या घामात थोडं जास्त. लघवी फिकट पिवळी राहिली की पुरेसं. एकदम तांब्याभर न पिता तासा-दीड तासाने अर्धा पेला. कमी करायचा तो चहा, कारण कॅफिन पिशवीला चाळवतं. एकदम बंद केला तर डोकं दुखेल, तीन-चार दिवसांनी एक-एक कप कमी करत दोनवर या. घाईची लघवीही होत असेल, म्हणजे कुलपाला किल्ली लावता लावता सुटत असेल, तर धावू नका. जागच्या जागी थांबा, पाच झटपट आवळणी करा, दोन श्वास घ्या, कळ ओसरली की चालत जा. दोन खेपांमधलं अंतर दर आठवड्याला पंधरा मिनिटांनी वाढवत तीन तासांवर न्या. शाळेच्या संडासात भांड्यावर अधांतरी उभं राहून लघवी करत असाल तर तेही सोडा. अर्ध्या वाकलेल्या मांड्या ताठ असताना तळ सैल होत नाही. देशी असेल तर पूर्ण उकिडवं बसा, कमोड असेल तर पुसून नीट टेकून बसा.

कुंथणं बंद झालं नाही तर वरचं सगळं अर्धं वाया जातं. कमोडवर बसताना पायांखाली वीतभर उंचीचा पाट घ्या, गुडघे कमरेच्या वर आले पाहिजेत, कोपरं मांड्यांवर, आणि श्वास न कोंडता 'श्श' करत सोडा. मैद्याच्या पावाऐवजी कोंड्याची पोई, नाचणीचं तिजण (गोड पेज), अळसांदे (चवळी), तांबडी भाजी रोजच्या जेवणात आली की इसबगोलाची गरज बऱ्याचदा पडत नाही. वजन जास्त असेल तर त्यातलं पाच ते दहा टक्के उतरलं तरी गळणं कमी होतं. आणि एक गोष्ट लोक विसरतात: रक्तदाबाची एनालाप्रिल, रॅमिप्रिल या जातीची गोळी चालू असेल आणि कोरडा खोकला हटत नसेल, तर डॉक्टरांना सांगून गोळी बदलून मिळते का बघा. स्वतःहून बंद करू नका.

ऑपरेशन पहिलं पाऊल नव्हे. दाबाने गळणाऱ्या लघवीसाठी नळीखाली पट्टी बसवण्याची शस्त्रक्रिया आहे आणि ती अनेकींना लागू पडते, पण देखरेखीखाली तीन महिने नीट व्यायाम करून फरक पडला नाही तर मग तिचा विचार. त्या पट्टीची कृत्रिम जाळी काही जणींना पुढे दुखणं आणि घासणं देते. तक्रारी वाढल्यावर इंग्लंडमध्ये २०१८ साली अशा शस्त्रक्रिया थांबवून कडक अटी घातल्या गेल्या. तेव्हा वेळ आलीच तर सर्जनला विचारा: पट्टी कृत्रिम की स्वतःच्या शरीरातल्या पडद्याची, आणि त्रास झाला तर ती काढता येते का. आखडलेल्या स्नायूवर ऑपरेशन झालं तर लघवी अडायची भीती वाढते, त्यामुळे तुमच्या बाबतीत तो आधी सैल करणं जास्तच महत्त्वाचं.

काही लक्षणांना मात्र फिजिओची वाट बघायची नाही, सरळ डॉक्टर: लघवीत रक्त, ताप येऊन जळजळ, पाळी गेल्यानंतर अंगावरून रक्त. आणि लघवी अजिबात न होणं, किंवा पाठदुखीसोबत मांड्यांच्या मधला भाग बधिर पडून लघवी-शौचाचा ताबा जाणं, यात त्याच दिवशी, त्याच तासाला इस्पितळ.

सासूबाईंचं 'असायचंच' अर्धं खरं आहे. पुष्कळ जणींना हे होतं. पण त्यावर उपाय नाही असा त्याचा अर्थ होत नाही, आणि त्यांच्यावरही उपाय आहे. अंग खाली येणं थोडं असेल तर याच व्यायामाने जडपणा कमी होतो. बाहेरपर्यंत येत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञ मापाची सिलिकॉनची रिंग योनीत बसवतात. ऑपरेशन नको असणाऱ्या किंवा झेपणार नाही अशा बायकांना ती वर्षानुवर्षं चालते, फक्त तीन ते सहा महिन्यांनी दाखवून स्वच्छ करून घ्यावी लागते. कोरडेपणा असेल तर सोबत क्रीम देतात. विहिरीचं पाणी भरायचं काम त्यांच्याकडून काढून घ्या. तुम्ही जाल त्याच दिवशी त्यांचाही केसपेपर काढा. डॉक्टरांसमोर त्या 'काही नाही, बरं आहे' म्हणतील, म्हणून घरीच विचारून कागदावर लिहून न्या: किती वर्षांपासून येतं, संध्याकाळी जास्त येतं का, बोटाने आत ढकलावं लागतं का, लघवी पूर्ण होते की थांबून थांबून, आणि कापडाला कधी रक्त लागलंय का.